सोनोग्राफीच्या रिपोर्टमधल्या कोणत्या शब्दांना घाबरायचं?

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल.

वय ४४. कळव्यात पोळीभाजी केंद्र चालवता. पहिलं सिझर २००३ मध्ये गावी, घाईघाईत, बेंबीखाली उभा छेद घेऊन; दुसरं २००९ मध्ये त्याच छेदातून. पहिल्या वेळी टाके पिकले होते, वीस-बावीस दिवस ड्रेसिंग चाललं. गेली चार वर्षं व्रणाच्या वरच्या टोकाला लिंबाएवढा फुगवटा आहे. आडवं झालं की आत जातो, खोकलं की बाहेर. सोनोग्राफीत लिहून आलंय की साडेतीन सेंटीमीटरचा डिफेक्ट, म्हणजे पोटाच्या भिंतीत भोक (हर्निया) आहे, त्यातून ओमेंटम बाहेर येतंय आणि मेसेंटरीत काही लहान लिम्फ नोड्स आहेत. मधुमेह आहे, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.४. आता तुम्हाला झोप नाही. गाठी कॅन्सरच्या तर नाहीत? शेजारीण म्हणते, हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये भोकावर लावतात ती जाळी अंगाला चालत नाही, ते खरं का? पोटाच्या पट्ट्यावर भागेल का? मुलीची दहावी होईपर्यंत थांबता येईल का? आणि सासूबाईंचं एकच पालुपद, ‘बाळंतपणानंतर लगेच परात उचललीस, त्याचं फळ.’

ठाण्यातल्या नौपाड्यात सत्तावीस वर्षं पोटाच्या शस्त्रक्रिया करतोय, तेव्हा अनुभवावरून बोलतो. तुम्ही ज्या शब्दांना घाबरलात ते ओमेंटम, मेसेंटरी, लिम्फ नोड्स हे तुमच्या बाबतीत जवळपास बिनमहत्त्वाचे आहेत. ज्या दोन आकड्यांवरून तुमची नजर सरळ पुढे गेली, ३.५ आणि ८.४, त्यांच्यावर सगळं ठरणार आहे. पोटाला हात लावल्याशिवाय पक्कं निदान कोणी करू नये, मीही करत नाही. पण रिपोर्ट कसा वाचायचा ते नक्की सांगता येईल.

आधी सासूबाईंचा मुद्दा निकालात काढू. पोटाच्या मधोमध, दोन्ही बाजूंच्या स्नायूंची आवरणं जिथे एकत्र येतात तिथे वरपासून खालपर्यंत एक पांढरी शिवण असते. उभा छेद तिच्यातून जातो. ही शिवण स्नायूची नसते, तंतूंची असते. तिला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे ती सावकाश भरते. भरत असताना तिथे पू झाला की तंतू सैल पडतात. तुमच्या जागेवरचा फुगवटा चार वर्षांपूर्वी दिसला असेल, पण त्याची सुरुवात बहुधा २००३ च्या त्या वीस-बावीस दिवसांत झाली. छेद कसा शिवला यावरही बरंच अवलंबून असतं. नेदरलँड्समध्ये झालेला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका गटात शिवण बारीक, म्हणजे काठापासून ५ मिलिमीटर आत आणि ५-५ मिलिमीटर अंतरावर टाके. दुसऱ्या गटात तेच १-१ सेंटीमीटरवर. वर्षभरानंतर बारीक टाक्यांच्या गटात १३ टक्क्यांना हर्निया झालेला, मोठ्या टाक्यांच्या गटात २१ टक्क्यांना. शिंपी टीप किती जवळ घालतो यावर पोलक्याची शिवण किती टिकते हे कोणत्याही बाईला माहीत असतं. आम्हाला ते आकड्यांनी सिद्ध करावं लागलं. पिकलेली जखम, मधुमेह, वाढलेलं वजन, जुना खोकला, कुंथावं लागणं ही खरी कारणं. परातीचा वाटा असलाच तर यादीत शेवटचा.

आता गाठी. मेसेंटरी म्हणजे काय हे मी पेशंटांना साडीवरून समजावतो. लहान आतडं साधारण ६ मीटर लांब, आणि ते पोटाच्या मागच्या भिंतीला ज्या पट्टीनं बांधलेलं असतं ती जेमतेम १५ सेंटीमीटर. निऱ्या कमरेला वीतभर जागेत खोचलेल्या असतात आणि खाली घेर केवढा पसरतो, तसंच. त्या निऱ्यांच्या घडीत आतड्याच्या रक्तवाहिन्या असतात, चरबी असते आणि शंभराहून जास्त लसीका ग्रंथी, म्हणजे तुमच्या रिपोर्टमधल्या लिम्फ नोड्स, असतात. त्या असायलाच हव्यात. आपण जे खातो त्यातल्या जंतूंवर नजर ठेवणं हे त्यांचं काम. हल्लीच्या सोनोग्राफी मशीनना त्या दिसतात, रेडिओलॉजिस्ट प्रामाणिकपणे लिहितो, आणि घरी कोणीतरी मोबाईलवर तो शब्द टाकून रडायला बसतं. (आयर्लंडमधल्या लिमरिकचे सर्जन कॅल्विन कॉफी यांनी २०१६ मध्ये मेसेंटरी हा तुटक तुकड्यांचा समूह नसून एकच सलग अवयव आहे अशी मांडणी केली, तेव्हा ‘शरीरात नवा अवयव सापडला’ असे मथळे झळकले. नवा कसला, आम्ही रोज हाताळतोच तो.)

एक सेंटीमीटरच्या आतल्या, लांबट, सुट्या ग्रंथी आणि पेशंटला दुसरा काही त्रास नाही, तर त्या ओळीचा अर्थ शून्य. त्याऐवजी वजन घटतंय, संध्याकाळी ताप चढतोय, भूक मेलीय, पोटात पाणी आहे किंवा ग्रंथी एकमेकींना चिकटून घोस झालेत, असं असतं तर आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा, मग बाकीच्या आजारांचा. पण तो संशयसुद्धा तपासूनच पक्का करायचा. पाणी काढून, तुकडा काढून. केवळ ‘मेसेंटेरिक नोड्स’ या एका ओळीवरून पोरांना सहा-सहा महिने टीबीची औषधं चालू केलेली मी पाहिली आहेत, आणि दर वेळी चिडलोय. मुलांमध्ये साध्या सर्दी-तापानंतरही या ग्रंथी सुजतात, आठवडा-दोन आठवड्यांत बसतात.

मेसेंटरीचा खरा धोका दुसरीकडे आहे, तो जाता जाता सांगतो, कारण तुमच्या घरात सासूबाई आहेत. वय झालेल्या माणसाला, विशेषतः ज्याचे हृदयाचे ठोके अनियमित आहेत, त्याला अचानक पोटात असह्य कळ आली आणि पोट दाबून पाहिलं तर मऊच लागलं, तर ‘गॅस असेल’ म्हणून घरी ठेवू नका. आतड्याच्या धमनीत गुठळी अडकलेली असू शकते. तिथे सोनोग्राफीवर वेळ न घालवता रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन लागतो, तोही तातडीनं.

ओमेंटमविषयी मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण पोटातला हा माझा आवडता अवयव. मेसेंटरी जर निऱ्या, तर ओमेंटम पदर. जठर आणि आडव्या मोठ्या आतड्यापासून खाली सुटलेला चरबीचा पातळ पदर, आतड्यांच्या पुढ्यात लोंबणारा. शरीरशास्त्रात त्याला मराठीत वपाजाल म्हणतात, पण मी आजवर एकाही डॉक्टरच्या तोंडून तो शब्द ऐकलेला नाही. जुने सर्जन त्याला पोटातला पोलीस म्हणत. अपेंडिक्स सुजलं की हा जाऊन त्याला गुंडाळतो. आतड्याला बारीक छिद्र पडलं की त्यावर चिकटून बसतो. अल्सर फुटलेल्या पेशंटमध्ये आम्हीही तेच करतो, ओमेंटमचा एक तुकडा ओढून छिद्रावर टाक्यांनी बसवतो. म्हणून भिंतीत भोक पडलं की तिथेही पहिला हाच पोहोचतो. तुमच्या फुगवट्यात ओमेंटम आहे, म्हणजे आजघडीला त्या भोकात आतडं नाही, चरबीचं बूच आहे. चांगली बातमी म्हणा हवं तर.

अर्ध्या दिलाशाची बातमी मात्र. बूच तिथे वर्षानुवर्षं राहिलं की पिशवीला चिकटतं. मग फुगवटा पूर्ण आत जात नाही, भोक रुंदावत राहतं आणि कधीतरी शेजारून आतड्याचं वेटोळं घुसतं. ओमेंटम स्वतःही पिळलं जाऊ शकतं. मग दुखतं, गाठ लाल होते, पण उलट्या फारशा नसतात. कोपरीच्या एका रिक्षावाल्याला हर्निया वगैरे काही नव्हतं, नुसतंच उजवीकडे तीन दिवस दुखत होतं. अपेंडिक्स म्हणून ऑपरेशनची तयारी झालेली. मी सीटी करायला लावला. ओमेंटमच्या एका कोपऱ्याचा रक्तपुरवठा तुटलेला निघाला. वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि तो चौथ्या दिवशी पुन्हा स्टँडवर हजर. असा आजार बहुतेक वेळा चाकूशिवाय बरा होतो, फक्त तो आहे हे ओळखावं लागतं.

तुमच्यासारख्या, जुन्या सिझरचा व्रण असलेल्या बायकांना मी दोन गोष्टी आवर्जून विचारतो. पहिली, व्रणापाशी दुखणं पाळीच्या दिवसांतच वाढतं का? तसं असेल आणि तिथे कडक गाठ लागत असेल, तर ती हर्निया नसून व्रणात रुजलेलं गर्भाशयाचं अस्तर असू शकतं. बायका ते ‘टाक्याची गाठ’ म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढतात. उपाय साधा आहे, गाठ पूर्ण काढणं. पण नंतर उरलेली भिंत नीट शिवावी लागते, कधी तिथेही जाळी लागते. दुसरी गोष्ट, दुखतं ते भिंतीत की आत? उताणं झोपा, दुखऱ्या जागी बोट ठेवा, आणि खांदे न टेकता डोकं उचला. पोट कडक होतं. आतल्या अवयवाचं दुखणं असेल तर कडक झालेला स्नायू त्याला झाकतो आणि दुखणं कमी होतं. भिंतीतलं असेल तर वाढतं. कार्नेट नावाच्या अमेरिकी सर्जननं १९२६ मध्ये सांगितलेली ही फुकटची तपासणी. घोडबंदर रोडवरची एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या फाइलमध्ये दोन एंडोस्कोप्या होत्या. दुखणारी जागा बोटाच्या पेराएवढी, आणि डोकं उचललं की ती कळवळायची. स्नायूतून बाहेर येणारी बारीक नस दबली होती. तिथे भुलीचं इंजेक्शन दिलं आणि ती टेबलावरच रडायला लागली, आनंदानं.

डोकं उचलल्यावर बेंबीच्या वर मधोमध होडीच्या तळासारखा लांबट उंचवटा दिसला तर तोही हर्निया नव्हे. बाळंतपणात दोन स्नायू एकमेकांपासून दूर सरकलेले असतात. त्याला भोक नसतं, त्यात काही अडकत नाही. शिस्तीनं केलेल्या व्यायामानं बरंच सुधारतं. तुमच्या वर्णनात मात्र भोक आहे.

तर साडेतीन सेंटीमीटर. हे भोक पट्ट्यानं, काढ्यानं किंवा व्यायामानं बुजत नाही. पट्टा फुगवटा आत दाबून धरतो, एवढंच. उभं राहून तासन्‌तास पोळ्या लाटताना आधार वाटत असेल तर झोपलेल्या स्थितीत, फुगवटा आत गेल्यावर बांधा. आत न जाणाऱ्या गाठीवर पट्टा आवळणं मात्र धोक्याचं. आणि ‘बेंबी सरकलीय’ म्हणून पोट चोळून देणाऱ्यांकडे कृपा करून जाऊ नका.

नुसतं टाक्यांनी शिवलं तर? यावरही डच सर्जनांचाच अभ्यास आहे, ६ सेंटीमीटरपर्यंतच्या, तुमच्यासारख्याच व्रणातल्या हर्नियांचा. २००४ मध्ये त्याचे दहा वर्षांनंतरचे आकडे आले. नुसते टाके घातलेल्यांत ६३ टक्क्यांना हर्निया परत, जाळी लावलेल्यांत ३२ टक्क्यांना. बत्तीस म्हणजे काही कमी नाही, हे कबूल. पण तेव्हा जाळीची कड भोकाच्या पलीकडे आजच्यापेक्षा कमी ठेवत. आता आम्ही चारही बाजूंनी ५ सेंटीमीटर धरतो, म्हणजे तुमच्या साडेतीनच्या भोकाला साधारण तेरा-चौदा सेंटीमीटरची जाळी. विरलेल्या कापडाला रफू केलं तर ते रफूच्या कडेनं फाटतं. मागून अस्तर लावलं तर ताण सगळीकडे वाटला जातो.

‘जाळी अंगाला चालत नाही’ हे तुमच्या शेजारणीचं म्हणणं मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. जाळी बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीनची असते. त्याच पदार्थाचा धागा आम्ही रोज टाक्यांसाठी वापरतो. मूत्रपिंड नाकारावं तशी जाळी शरीर ‘नाकारत’ नाही. होतो तो जंतुसंसर्ग, आणि तो वाढवतात साखर, तंबाखू आणि वजन. काहींना जागेवर ओढल्यासारखं, टोचल्यासारखं बरेच महिने वाटतं. आतड्याला थेट टेकलेली जाळी चिकटू शकते, म्हणून पोटाच्या आत लावायची जाळी आतल्या बाजूनं खास आवरणाची असते, आणि ती महागही असते. माझा कल स्नायूच्या मागे, पण पोटाच्या पोकळीबाहेर जाळी ठेवण्याकडे आहे. ते उघडं ऑपरेशन करूनही होतं आणि दुर्बिणीतूनही. दुर्बिणीत जखम पिकण्याचं प्रमाण कमी, हा तुमच्यासारख्या मधुमेही पेशंटसाठी मोठा फायदा. हर्निया परत येण्यात मात्र दोन्हींत फारसा फरक नाही. तुमच्या सर्जनला ‘लेटेस्ट काय?’ असं विचारू नका. ‘तुम्ही नेहमी कोणतं करता आणि माझी जाळी कोणत्या थरात बसवणार?’ असं विचारा. ज्याला या प्रश्नाचा राग येतो त्याच्याकडून करून घेऊ नका.

आता ८.४. तुमच्या प्रश्नात हा आकडा कंसात होता, माझ्या उत्तरात तो मधोमध आहे. या साखरेवर मी तुमचं ठरवून करायचं ऑपरेशन करणार नाही. साडेसातच्या आसपास आणा. लाल रक्तपेशीचं आयुष्य साधारण तीन-चार महिने, त्यामुळे आज पथ्य सुरू केलं तरी हा आकडा खरा उतरलेला दिसायला तेवढा काळ जातो. आज नोव्हेंबर आहे, दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. म्हणजे तुम्हाला थांबायचंय आणि मलाही तुम्हाला थांबवायचंय. तेवढ्या काळात पाच किलो वजन उतरलं तर भोकाचे काठ जवळ आणणं सोपं जाईल. मशेरी लावत असाल तर निदान महिनाभर आधी पूर्ण बंद. बायका हे डॉक्टरला सांगत नाहीत, आणि आम्ही पुरुष डॉक्टर विचारत नाही. निकोटिन दातांवरून गेलं तरी रक्तवाहिन्या आकसतातच. बद्धकोष्ठ आणि खोकला असेल तर त्यांचाही बंदोबस्त आधी. साखरेच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन हे नाव असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा. त्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात. मेडिक्लेम नवी असेल तर कागद काढून बघा. बऱ्याच पॉलिसींत हर्नियाला दोन वर्षांची प्रतीक्षा असते.

थांबण्याला एक अट. फुगवटा कडक झाला, आडवं होऊनही आत जाईना, दुखू लागला, सोबत उलट्या, पोटफुगी, वारा सरणं बंद, वरची कातडी लाल किंवा काळसर, यातलं काहीही झालं तर परीक्षा, केंद्राच्या ऑर्डरी, सगळं बाजूला. अडकलेल्या आतड्यात आधी शिरा दबतात. रक्त येत राहतं, बाहेर जात नाही, सूज चढते, मग धमनीही बंद पडते. रक्तपुरवठा पूर्ण तुटला की साधारण सहा तासांत आतडं वाचवणं कठीण होतं. मग शिवायचं राहतं बाजूला, आतडं कापावं लागतं, आणि दूषित पोटात जाळीचा निर्णयही अवघड होतो. चहा-पाणी काही घेऊ नका, गाठ जोरानं आत ढकलू नका, तडक निघा. कळव्यात महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. रात्रीच्या वेळी खाडीपलीकडच्या ओळखीच्या डॉक्टरला शोधण्यात तास घालवू नका.

ऑपरेशननंतर त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी आम्ही चालवतो. काही आठवड्यांत जुन्या फुगवट्याच्या जागी पुन्हा मऊ गोळा लागू शकतो. दर दुसरा पेशंट ‘परत आला’ म्हणून धास्तावून फोन करतो. बहुतेकदा ते रिकाम्या झालेल्या पिशवीत साचलेलं पाणी असतं, महिना-दोन महिन्यांत जिरतं. दाखवायला या, पण कोणी ते सुईनं काढायची घाई करत असेल तर ‘का’ म्हणून विचारा. सुईबरोबर जंतू आत जातात.

कामाचं म्हणाल तर पोळ्या लाटायला तिसऱ्या आठवड्यापासून हरकत नाही, उंच स्टुलावर बसून. भरलेला घरगुती सिलिंडर जवळपास तीस किलो भरतो, तो आणि कणकेची परात पहिले दोन महिने मुलाला उचलू दे. बावीस वर्षांचा आहे ना तो?